तुळजारावांचा डावा डोळा

तंजावूरला राहायला गेलो त्या पहिल्याच आठवड्यात घरमालकांनी मला डोळा मारला. निदान मला तरी तसं वाटलं. नवऱ्याची बँकेतली बदली झाली होती, साताऱ्याहून सामानाचा ट्रक धक्के खात आला होता आणि आईनं बांधून दिलेली लोणच्याची बरणी त्यात फुटली होती. त्या खापऱ्या हातात घेऊन मी जिन्यात बसले होते. तेवढ्यात तुळजाराव खालून वर आले, थांबले, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि त्यांचा डावा डोळा मिटला. मिटला तो मिटलाच. मग ते परत खाली उतरले.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो हसत सुटला. मराठी बोलणारा घरमालक हवा म्हणून तूच हट्ट धरलास, आता निस्तर, म्हणाला. मी मनाशी ठरवलं की या माणसाशी कामापुरतंच बोलायचं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची विधवा बहीण अंबुअक्का एक बरणी घेऊन वर आली. झाकण उघडून तिनं मला लिंबाच्या फोडी दाखवल्या आणि म्हणाली, "ऊरुगाय आहे. तुमचं सांडलं म्हणून अण्णा सांगितले." मी बरणी घेतली आणि माझा निश्चय तिथंच संपला. शिवाय मी जात्याच चौकस. डोळा मारणारा माणूस लोणचं का पाठवतो, हे कळल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

नव्वदीची मधली वर्षं होती. गावात केबलच्या तारा गच्चीगच्चीवरून लोंबायला लागल्या होत्या आणि घरटी एक मुलगा संगणक शिकून अमेरिकेला नाहीतर आखातात चालला होता. तुळजारावांचं दक्षिण वीथीला व्हिडिओचं दुकान होतं. लग्न, मुंज, बारसं, कान टोचणं, जे असेल ते ते कॅमेऱ्यात धरायचे. बारीक अंगाचे, उंच, पांढरी लुंगीसारखी वेष्टी आणि वर खिशाखिशांचा सफारी शर्ट, आणि त्या खिशांतून बॅटऱ्या, चिकटपट्टी, लेन्स पुसायचं फडकं. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले असं ते सांगत. कितव्या पिढीचे, हे विचारलं की हात हवेत फिरवत. मराठी बोलत ती आपल्या पणजोबांनी बोलावी तशी, पण तमिळच्या चालीवर. देवनागरी वाचता येत नव्हती. माझ्या मराठी मासिकातली चित्रं ते निरखून बघत आणि मजकूर मला वाचून दाखवायला लावत. वाचताना मध्येच थांबवून विचारत, ही बाई इथं रडली म्हणून लिहिलंय, पण कशी रडली? उभी होती की बसलेली? कोण होतं समोर? मला काय ठाऊक? लेखकानंही ते लिहिलेलं नसायचं. तुळजाराव मान हलवत आणि असं अर्धवट काम आपण कधी देत नाही, असं सुचवत.

त्यांच्या कामाची पद्धत मात्र सगळ्या गिऱ्हाइकांना डोक्याला ताप होती. लग्नात जिकडे सगळे बघतात तिकडे त्यांचा कॅमेरा फार वेळ राहत नसे. नवरानवरी धरली की झालं. मग ते हळूच वळत आणि बघणाऱ्यांची तोंडं धरत. ओरत्तनाडूच्या एका लग्नाची गोष्ट तर सगळ्या गल्लीला पाठ होती. ऐन मुहूर्ताला वाजंत्री कडाडली, लोकांनी अक्षता उधळल्या, नवऱ्यानं ताळी बांधली आणि तुळजारावांचा कॅमेरा नवरीच्या बापावर. ताळी बांधल्याचं चित्रच नाही. कॅसेट पाहून दोन्हीकडची मंडळी जीप करून दुकानावर चालून आली. इथं मंगळसूत्र बांधण्याच्या त्या क्षणासाठीच तर व्हिडिओ. तोच नाही म्हटल्यावर लग्न लागलं की नाही इथपर्यंत प्रश्न गेला. तुळजारावांनी शांतपणे टीव्ही लावला आणि बाप दाखवला. सगळ्यांच्या अक्षता पडून गेल्या होत्या. बापाची मूठ मात्र तशीच मिटलेली, छातीशी धरलेली. टाकायचं तो विसरूनच गेला होता. लोक पाया पडायला पुढे सरकले, त्याला धक्के लागत होते, तरी मूठ मिटलेलीच.

नवरीची आई म्हणाली, हे राहू द्या. पण नवऱ्याचा थोरला भाऊ ऐकेना, त्याला ताळी हवीच होती. शेवटी तडजोड निघाली. नवरानवरीला पुन्हा लग्नाचे कपडे घालून, गजरे माळून दुकानात आणलं. मागे निळा पडदा लावला. आणि नवऱ्यानं नवरीच्या मानेमागे नुसते हात धरून बांधल्यासारखं केलं. तोवर पोरीला सासरी रुळायला वेळ मिळाला होता, तिला हसू आवरेना. तुळजारावांनी ते तसंच जोडलं. त्यामुळे त्या कॅसेटमध्ये बाप मूठ मिटून उभा आहे आणि मुलगी ताळी बांधून घेताना खुदुखुदु हसते आहे. पाहणारे म्हणायचे, काय आनंदी नवरी आहे.

दुपारी दुकान बंद असलं की ते घरीच ओसरीवर दोन व्हीसीआर जोडून काम करत. तमिळ लग्नाला लागतात त्या सगळ्या करामती ते हुकमाप्रमाणे घालून देत. कमळातून उगवणारी नवरी, बदामात फिरणारा नवरा, वरून पडणाऱ्या पाकळ्या. मी कॉफीचा टम्लर-डबरा घेऊन शेजारी बसायची. तिथंच मला डोळ्याचा उलगडा झाला. पडद्यावर कुणाचा तरी ऊर भरून आला की तुळजारावांचा डावा डोळा मिटायचा. टीव्हीवरचा सिनेमा असो, शेजारणीचं भांडण असो, बसमधून पडलेलं पोर असो, काही आत लागलं की डावा डोळा बंद. आयुष्यभर उजवा डोळा कॅमेऱ्याच्या भिंगाला लावून डावा मिटायची सवय, ती आता हातात कॅमेरा असो नसो, मनातल्या कालवाकालवीला जोडली गेली होती. दुसऱ्या माणसाचा गळा दाटतो, ओठ थरथरतात, नाक लाल होतं. यांचं यातलं काहीच होत नसे. चेहरा कोरडा ठक्क, आणि एक डोळा मिटलेला. माझ्या लोणच्यासाठी त्यांना वाईट वाटलं होतं आणि मी त्या भल्या माणसावर भलता संशय घेतला होता. अंबुअक्काला मी हे सांगितलं तेव्हा ती पदरात तोंड घालून इतकी हसली की तिला ठसका लागला.

लग्नांखेरीज तुळजाराव आणखी एक काम करत, त्याची पाटी नव्हती. मरणाच्या कॅसेटी. मुलगा परदेशात, विमान मिळेपर्यंत प्रेत ठेवायची सोय नाही, मग घरातलं कुणीतरी निरोप पाठवी. तुळजाराव जाऊन उभे राहत. बायका एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून गोल बसून ओप्पारीचे विलाप गातात ते, नवा माणूस दारात आला की पुन्हा उसळणारं रडं, प्रेत घेऊन वडवार नदीकडे निघालेली माणसं. यात संगीत नाही, पाकळ्या नाहीत, काही कापायचं नाही असा त्यांचा नियम. अमेरिकेच्या यंत्रावर आपली कॅसेट चालत नाही, म्हणून ती मद्रासला पाठवून बदलून आणत आणि मगच रवाना करत. लोक त्यांना लग्नात जेवढे हुकूम सोडत, तेवढेच या वेळी त्यांच्यापुढे हात जोडत.

आणि याच कामानं त्यांचं स्वतःचं घर मोडलं होतं. हे मला अंबुअक्कानं सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यानं, तांदूळ निवडताना. आम्ही यायच्या आधीच्या वर्षी तुळजारावांची बायको मंगळाबाई गेली, अचानक. एकुलता एक मुलगा प्रताप अमेरिकेत नुकताच नोकरीला लागलेला, व्हिसाचे कागद अजून व्हायचे, निघाला असता तर परत जायला मिळालं नसतं. तुळजाराव उठले, कॅमेरा काढला आणि बायकोचं सगळं स्वतः धरलं. दुसऱ्या कुणाच्या हातात त्यांनी तो दिला नाही. मुलाला आई नीट दिसली पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

कॅसेट पोचली. प्रतापनं ती पाहिली आणि अंबुअक्काला फोन केला. त्यात आत्या रडत होती, शेजारी रडत होते, दूधवाला रडत होता. अप्पा कुठंच नव्हते. कॅमेरा आईच्या पावलांपासून चेहऱ्यापर्यंत सावकाश गेला होता आणि तिथं खूप वेळ थांबला होता, जरासुद्धा न हलता. "अप्पा तिला गिऱ्हाइकाच्या नवरीला धरतात तसं धरले, अत्ते," तो म्हणाला होता. "हातसुद्धा हलला नाही त्यांचा." त्यानंतर त्याचा फोन दर रविवारी यायचा, पण अंबुअक्काशी बोलून तो ठेवून द्यायचा. वडिलांना द्या, असं कधी म्हणायचा नाही. तुळजाराव त्या वेळी नेमके दाराच्या चौकटीशी काहीतरी पुसत उभे असत. मी कैकदा जिन्यातून पाहिलंय. डावा डोळा घट्ट मिटलेला. मुलाला एकदा समजावून सांगा, असं अंबुअक्का त्यांच्या मागे लागे. त्यांचं उत्तर ठरलेलं. कॅसेट बघून कळलं नाही ते तोंडानं काय सांगू?

मला त्या पोराचा राग यायचा. आणि खरं सांगायचं तर तुळजारावांचाही यायचा. एवढी जगाची तोंडं वाचणारा माणूस, आणि स्वतःच्या तोंडानं दोन वाक्यं बोलू नयेत?

पुढच्या थंडीत इंग्रिड आली. स्वीडनची, माझ्याच वयाची, लांब पायांची, उन्हानं कायम लाल झालेली. ती व्हिडिओचीच चित्रकार आहे, हे तिनं मला मोडक्या इंग्रजीत, हातवारे करून समजावलं. म्हणजे ती गोष्ट सांगत नाही, गाणी घालत नाही. देशोदेशी जाते, पांढऱ्या कापडापुढे एक खुर्ची ठेवते आणि माणसाला सांगते, आयुष्यातला सगळ्यात जड दिवस आठवा, बोलू नका. तो उठेपर्यंत कॅमेरा चालू. शेवटी एका मोठ्या दालनात पुष्कळ टीव्ही मांडायचे, एकेकावर एकेक चेहरा. दुःख सगळीकडे सारखंच दिसतं का, हे तिला बघायचं होतं. तिला दिवे आणि दुभाषा हवा होता, कुणीतरी तुळजारावांचं नाव सुचवलं. बसणाऱ्यांच्या तमिळचं तुळजाराव मराठी करायचे आणि त्याचं मी इंग्रजी, अशा दोन उड्यांनी संभाषण चालायचं. आमचीच ओसरी तिनं घेतली.

माझी तर चंगळ झाली. एक निवृत्त हेडमास्तर आले आणि पासपोर्टाच्या फोटोसारखे ताठ बसले. नाच शिकणारी एक मुलगी बसली, तिनं भुवया आणि ओठ असे काही वळवले की करुण रसाचा धडा पुरा झाला. कोपऱ्यावरची भाजीवाली मारियम्मा बसली आणि हसतच सुटली. इंग्रिड काहीच अडवायची नाही, सगळं धरायची. तुळजाराव मात्र अस्वस्थ होते. आमचं माणूस एकटं बसवून रडत नाही, समोर आपलं कुणी आलं की रडतं, असं त्यांचं म्हणणं. इंग्रिडनं ते ऐकलं. मारियम्माला पुन्हा बसवलं आणि तिची जिवाभावाची मैत्रीण दारातून आत सोडली. दोघी गळ्यात पडून अशा रडल्या की माझेही डोळे भरून आले. तुळजारावांनी माझ्याकडे जिंकल्यासारखं पाहिलं. इंग्रिडनं डोळे पुसले आणि म्हणाली, हे फार सुंदर आहे, पण हे ती मैत्रिणीला देतेय. कुणी यायच्या आधी तिच्याजवळ काय असतं, ते मला हवंय. मी भाषांतर केलं. तुळजाराव बराच वेळ फडक्यानं एकच भिंग पुसत राहिले. त्या दिवसापासून त्यांनी तिच्या खुर्चीबद्दल एक शब्द काढला नाही.

रोज काम सुरू करण्यापूर्वी उजेड बेतायला कुणीतरी खुर्चीत बसावं लागे. ते तुळजारावच बसत, हिशेबी चेहऱ्यानं, दिवा इकडे घ्या, तिकडे घ्या सांगत. शेवटच्या दिवशी इंग्रिडनं दिवा लावला आणि म्हणाली, आज उठू नका. त्यांनी हात जोडून नको म्हटलं. आपलं तोंड कामाचं नाही, त्यावर काही येत नाही, म्हणाले. ती म्हणाली, काही न आलं तरी चालेल. मी ते सांगितलं. तुळजारावांनी शर्टाच्या खिशांतून बॅटऱ्या, फडकं, चिकटपट्टी एकेक करून काढून खाली ठेवली. मग बसले.

मी आणि अंबुअक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो. काही वेळ काहीच झालं नाही. ते समोरच्या भिंगाकडे बघत होते, तसंच, कामाच्या नजरेनं. मग डावा डोळा मिटला. पुन्हा उघडला नाही. उजवा डोळा सताड उघडा, मान किंचित पुढे, श्वास रोखल्यासारखा, आणि उजवा हात नकळत वर येऊन खांद्याशी थांबला. नसलेला कॅमेरा त्यांनी खांद्यावर धरला होता. हात हलत नव्हता. चेहऱ्यावर एक रेष हलत नव्हती. ते मंगळाबाईंना बघत होते हे मला कळलं, अंबुअक्काला माझ्याआधी कळलं. ती तोंडावर पदर दाबून आत गेली. बाहेर रस्त्यावर टाउन बस येऊन गेली, भांडीवाला ओरडून गेला, आणि तुळजाराव तसेच.

इंग्रिड माझ्याजवळ आली आणि अगदी हळू विचारलं, त्यांचा डोळा दुखतोय का, थांबवू का? मी मानेनंच नाही म्हटलं. ते आपणहून उठले, फडकं उचललं आणि दिवे विझवले. नंतर मी तिला सगळं सांगितलं, लोणच्याच्या बरणीपासून. ती ऐकत राहिली. म्हणाली, माझ्या दालनात लोक याच्यासमोर उभे राहतील, त्यांना वाटेल हा माणूस नेम धरतोय, आणि ते पुढे जातील. ती खिन्न झाली होती. तरी हा चेहरा ती ठेवणार होती, सगळ्यात मोठ्या टीव्हीवर.

बसलेल्या प्रत्येकाला ती त्याची एक कॅसेट देणार होती. तुळजाराव म्हणाले, माझी मला नको. मग माझ्याकडे वळले. "तिला सांगा बाई, माझी अमेरिकेला धाडायची. तेथल्या यंत्रावर चालेल अशी करून." मी विचारलं, सोबत काही सांगायचं आहे का प्रतापला? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. अंबुअक्कानं आतूनच पत्ता सांगितला, पाठच होता तिला.

इंग्रिड गेली. पुष्कळ रविवार आले, फोन आले, अंबुअक्काशी बोलून बंद झाले. मला वाटलं, गेली कुठंतरी ती कॅसेट. तुळजाराव काही विचारत नसत, फक्त दर रविवारी चौकट जास्तच पुसत. अन् एका रविवारी अंबुअक्कानं रिसीव्हर कानापासून काढून हात लांब केला आणि नुसती म्हणाली, "अण्णा." ते पुढे आले. फोन कानाला लावला. पलीकडचं आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. ते म्हणाले, होय. मग म्हणाले, होय रे. मग फोन ठेवला आणि ओसरीवर जाऊन दोन्ही व्हीसीआरच्या मध्ये बसले.

मी कॉफी नेऊन दिली. शेवटी माझ्यानं राहवेना. काय म्हणाला, मी विचारलं.

"'अप्पा, त्या दिवशी कॅमेऱ्याच्या मागें असेच होता काय?' म्हणून विचारला. होय म्हणून सांगितलों."

"आणि?"

तुळजाराव टम्लरमधली कॉफी डबऱ्यात ओतत होते, पुन्हा टम्लरमध्ये, पुन्हा डबऱ्यात. निवून गेली होती कधीच. "'आतां उघडा डोळा,' म्हणाला. 'मी बघितलों,' म्हणाला."

त्यानंतर रविवारचा फोन लांबायला लागला. अंबुअक्का तक्रार करायची की आता तिला बोलायलाच मिळत नाही. तक्रार करताना तिचं तोंड मात्र फुललेलं असायचं.

पुढं आमची बदली निघाली. स्टेशनवर तुळजाराव आले ते कॅमेऱ्याशिवाय. मला बरणी दिली, लिंबाचं ऊरुगाय, या वेळी तीन कापडांत गुंडाळून. ट्रकमध्ये घालू नका, मांडीवर धरा, म्हणाले. उन्हाळ्यात प्रताप येतोय, सून बघून ठेवायचीय, तिचं तोंड आपणच आधी बघणार, असं बरंच काही सांगत होते. गाडीनं शिट्टी दिली तसं त्यांचं बोलणं थांबलं. चेहरा कोरडा झाला आणि डावा डोळा मिटला.

गाडी हलली. मी खिडकीच्या गजांना तोंड लावून म्हणाले, "मामा, डोळा."

ते हसले. आणि त्यांनी तो उघडला. फलाटावर उन्हात ते उभे होते, दोन्ही डोळे उघडे, दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं फडकं खिशात असताना त्यांना आठवत नव्हतं.